आपल्या आवारातील झाडांची ओळख : नाव एक, झाडे अनेक

मंदिराच्या आवारातील झाडांवर नावांच्या पाट्या लावाव्यात, अशी सूचना अनेक भाविकांनी विश्वस्त मंडळाकडे केली आहे. सूचना स्वागतार्ह आहे. तथापि पाटी रंगविणे सोपे आणि नाव ठरविणे अवघड, असा या कामाचा प्रकार आहे. कोलार रोड परिसरातील मराठी घरांत आजी ज्याला प्राजक्त म्हणते, ते रोपवाटिकेत 'हरसिंगार' म्हणून मिळते. तगर मागितली तर माळी विचारात पडतो. 'चांदनी' म्हटले की लगेच रोप काढून देतो. बहावा येथे 'अमलतास' होतो, बकुळ 'मौलश्री' होते, जास्वंद 'गुडहल' आणि अनंत 'गंधराज'.

इथवर फरक केवळ भाषेचा आहे आणि तो चार दिवसांत अंगवळणी पडतो. परंतु एकच नाव दोन अगदी निरनिराळ्या झाडांना लागलेले असते, तेव्हा प्रश्न गंभीर होतो. मंदिरातील झाड केवळ शोभेसाठी नसते. त्याचे पान पूजेत जाते, फूल देवाला वाहिले जाते, तेच फूल निर्माल्य होऊन भाविकाच्या हाती येते आणि एखाद्या विधीत कळी पोटातही घेतली जाते. म्हणून पाट्या लागण्यापूर्वी, झाड कसे ओळखावे याची थोडी माहिती सर्व भाविकांना व सभासदांना असावी, या हेतूने हा लेख देत आहोत.

फुलाआधी पान पाहावे

बहुतेक जण झाड फुलावरून ओळखतात. फूल वर्षातून महिना-दीड महिना असते. उरलेले दहा महिने झाड अनोळखी राहते. ओळख पटविण्याचा भरवशाचा आरंभ पानापासून करावा. पान साधे आहे की संयुक्त, हा पहिला प्रश्न. आंब्याचे पान साधे. कडुनिंबाच्या ज्या लहान लहान पात्यांना आपण पाने म्हणतो, त्या पर्णिका होत. संपूर्ण डहाळी मिळून एक पान होते. हे ठरविण्याची खूण अशी की, जेथे खरे पान फांदीला जोडलेले असते तेथे त्याच्या बेचक्यात कळी किंवा डोळा असतो. पर्णिकेच्या बुडाशी तो नसतो. बेलाचे त्रिदळ म्हणजे तीन पाने नव्हेत, तीन पर्णिकांचे एकच पान आहे. आपण महादेवाला 'एक बेल' वाहतो हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे, याचे आम्हाला नेहमी कौतुक वाटते.

यानंतर पाने फांदीवर समोरासमोर येतात, एकाआड एक येतात, की तीन-तीनच्या कड्यात येतात, ते पाहावे. मग एक पान तोडून देठाशी चीक येतो का, हे बघावे, आणि शेवटी पान चुरगाळून वास घ्यावा. चीक आल्यास हात साबणाने धुवावेत व डोळ्यांना लावू नयेत. पान चावून पाहण्याची सवय काहींना असते, ती मात्र कटाक्षाने टाळावी. कारण पुढे येईलच.

पानावरून वृक्ष ओळखण्याची ही रीत आपल्या या प्रदेशाला नवी नाही. भोपाळहून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या सांचीच्या मोठ्या स्तूपाची तोरणे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. त्यांवर बुद्धाची मूर्ती कोठेही नाही. गौतम बुद्ध आणि त्यांच्या पूर्वीचे सहा बुद्ध तेथे स्तूपांच्या व बोधिवृक्षांच्या रूपाने दाखविले आहेत. गौतमाचा पिंपळ, कश्यपाचा वड, कनकमुनीचा औदुंबर, क्रकुच्छंदाचा शिरीष असे ते वृक्ष असून, शिल्पकारांनी पाने निरनिराळी कोरली म्हणूनच कोणता वृक्ष कोणाचा, हे अभ्यासकांना सांगता आले. सहलीला जाणाऱ्या भाविकांनी पुढील वेळी तोरणाखाली उभे राहून हे अवश्य पाहावे.

अशोक : खरा आणि म्हणण्यापुरता

अशोक म्हटला की येथील दहापैकी नऊ जणांच्या डोळ्यांसमोर फाटकाच्या दोन्ही बाजूंस उभे असलेले, सुळक्यासारखे सरळ, पाने खाली लोंबलेले झाड येते. त्या झाडाला लोकांनी अशोक हे नाव दिले असले तरी तो शास्त्रात व आयुर्वेदात वर्णिलेला अशोक नव्हे. ते सीताफळाच्या कुळातील झाड आहे. त्याचे शास्त्रीय नाव मोनून लाँगिफोलियम. जुन्या पुस्तकांत ते पॉलिआल्थिया या नावाने आढळते. काहीजण त्यास आसुपालव म्हणतात. त्याचे पान साधे, लांबट व कडेने नागमोडी असते. फुले फिकट हिरवी, ताऱ्यासारखी आणि पानांत लपलेली असल्याने ती येऊन गेल्याचे कळतही नाही. पिकून काळपट जांभळी झालेली फळे वटवाघळे व कोकीळ आवडीने खातात. पाने तोरणाला चालतात, सावली बेताची मिळते. झाड वाईट नाही. फक्त त्याला अशोक म्हणू नये.

खरा अशोक म्हणजे सीतेचा अशोक, शास्त्रीय नाव सराका असोका. तो शेंगा येणाऱ्या झाडांच्या कुळातील आहे. त्याचे पान संयुक्त असते. देठाच्या दोन्ही बाजूंस लांबट पर्णिकांच्या जोड्या असतात. कोवळी पालवी तांबूस, मऊ आणि गोंड्यासारखी खाली लोंबणारी असते. साधारण माघापासून चैत्रापर्यंत फुलांचे घोस थेट जुन्या फांद्यांवर येतात. फूल प्रथम पिवळसर नारिंगी असते, मग लाल होत जाते, म्हणून एकाच घोसात दोन-तीन रंग दिसतात. त्याला पाकळ्या नसतात. रंगीत दिसतो तो पुष्पकोश. नंतर रुंद, चपट्या शेंगा धरतात.

हा भेद महत्त्वाचा का, तर चैत्र शुद्ध अष्टमीस, म्हणजे अशोकाष्टमीस, अशोकाच्या आठ कळ्या पाण्यासह प्राशन करण्याचा विधी धर्मग्रंथांत सांगितला आहे. तो विधी सीतेच्या अशोकाचा आहे. फाटकाजवळच्या झाडाच्या कळ्या त्याऐवजी घेणे अर्थशून्य आहे. हीच गोष्ट औषधाची. अशोकाची साल स्त्रियांच्या विकारांवर आयुर्वेदात प्रसिद्ध आहे, आणि बाजारात तिच्यात या दुसऱ्या झाडाच्या सालीची भेसळ होते, हे अनेकदा दिसून आले आहे. खऱ्या अशोकाची संख्या रानात घटत चालली असून आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत तो असुरक्षित वर्गात नोंदविलेला आहे. तेव्हा आवारातील झाडाची साल काढून नेण्याची विनंती कोणीही करू नये, ही नम्र सूचना येथेच देऊन ठेवतो.

येथे अशोक लावू इच्छिणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. तो मुळात ओलसर, सावलीच्या रानातला वृक्ष आहे. भोपाळचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो आणि काळी माती वैशाखात भेगाळते. उघड्या जागी, पश्चिमेच्या उन्हात त्याचे रोप करपते. मोठ्या झाडाच्या पूर्वेस, जेथे दुपारनंतर सावली पडते, अशी जागा द्यावी व पहिली काही वर्षे उन्हाळ्यात पाणी चुकवू नये.

कण्हेर आणि बिट्टी

या लेखात सर्वांत अधिक काळजीने वाचावा असा भाग हाच. कण्हेर आणि पिवळी कण्हेर ही दोन वेगवेगळी झुडुपे आहेत. दोन्ही कुंपणाला लावतात, दोन्हींची फुले महादेवाला वाहतात, आणि दोन्ही विषारी आहेत.

कण्हेरीची पाने जाड, ताठ, भाल्यासारखी असतात आणि फांदीवर बहुधा तीन-तीनच्या कड्यात येतात. फुले गुलाबी, लाल किंवा पांढरी. फळ म्हणजे लांब, सरळ शेंगांची जोडी. ती उकलली की केसाळ बिया वाऱ्यावर उडतात. पिवळ्या कण्हेरीला मराठीत बिट्टी म्हणतात. तिची पाने अरुंद, चकचकीत व हिरवीगार असून फांदीभोवती एकामागून एक येतात. कोठेही तोडले तरी पांढरा चीक ठिबकतो. फूल घंटेसारखे, पिवळे, क्वचित फिकट नारिंगी किंवा पांढरे. फळ हिरवे, मांसल, काहीसे त्रिकोणी, पुढे काळे पडणारे, आणि आत एक कठीण बी. या बियांनाच मुले बिट्ट्या म्हणतात आणि सागरगोट्यांसारख्या खेळायला घेतात. हे झुडूप मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील. परंतु आपल्या देवपूजेत ते इतके रुळले आहे की परके वाटत नाही.

दोन्हींच्या सर्व अवयवांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. बिट्टीच्या बियांत ती फार मोठ्या प्रमाणात असतात. पाने वाळली किंवा उकळली तरी विष नाहीसे होत नाही. आरंभी उलट्या, पोटदुखी, चक्कर अशी साधी वाटणारी लक्षणे दिसतात आणि मग नाडी मंदावते किंवा अनियमित होते. कोणी मुलाने बी वा पान तोंडात घातल्याचे कळले, तर लक्षणांची वाट न पाहता व घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालयात न्यावे, आणि झाडाची डहाळी किंवा बी डॉक्टरांना दाखविण्यासाठी पिशवीत घालून सोबत न्यावी.

केरळात 'अरळी' म्हणजे कण्हेरीचे फूल पूजेत पूर्वापार चालत आले आहे. तेथे २०२४ च्या एप्रिल महिन्यात एका तरुणीच्या मृत्यूनंतर कण्हेर पोटात गेल्याचा संशय व्यक्त झाला, आणि मे २०२४ मध्ये त्रावणकोर व मलबार या दोन्ही देवस्वम मंडळांनी नैवेद्यात व प्रसादात हे फूल वापरण्यास मनाई केली. एवढ्या मोठ्या देवस्थानांनी जुन्या प्रथेत बदल केला, हे आम्हाला विचार करण्याजोगे वाटते. कण्हेर देवाला वाहूच नये, असे आमचे म्हणणे नाही. मूर्तीच्या चरणी वाहिलेले फूल कोणाला अपाय करीत नाही. परंतु तीर्थाच्या पात्रात, पंचामृतात, नैवेद्याच्या ताटावर किंवा प्रसादाच्या द्रोणात ती फुले असू नयेत. हातावर प्रसाद देताना सोबत फूल द्यायचे तर झेंडू, शेवंती किंवा गुलाब द्यावा. आणखी एक. निर्माल्य गाईपुढे टाकण्याची अनेकांना सवय आहे. कण्हेरीच्या पानांनी गुरे दगावल्याची उदाहरणे सर्वत्र आहेत. ज्या निर्माल्यात कण्हेर किंवा बिट्टी असेल ते निर्माल्यकलशातच टाकावे.

तगर व अनंत यांचा गोंधळ त्या मानाने निरुपद्रवी आहे. दोन्ही झुडुपांची पाने समोरासमोर, गडद व चकचकीत, फुले पांढरीशुभ्र. पान तोडून चीक आला तर तगर, न आला आणि फुलाचा घमघमाट असेल तर अनंत. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा तगर गंठोडा ही तिसरीच वनस्पती. बागेतल्या तगरीशी तिचे नाते फक्त नावापुरते. कुंती, जिला येथे 'मधुकामिनी' म्हणतात, तिचे पान संयुक्त असते व चुरगाळल्यास लिंबासारखा वास येतो, म्हणून ती लगेच वेगळी काढता येते.

चाफ्याचे घराणे

मराठीत चाफा हे आडनावासारखे झाले आहे. एका आडनावाची माणसे जशी नात्यातली असतीलच असे नाही, तसेच या झाडांचे. सोनचाफ्याची पाने साधी, टोकदार असतात, चीक नसतो, आणि कोवळ्या फांदीवर प्रत्येक पानाच्या बुडाशी कड्यासारखी बारीक रेघ दिसते. संस्कृत वाङ्मयातील चंपक तो हाच. मंदिरांत सर्वत्र दिसणारा पांढरा चाफा, ज्याला देवचाफा किंवा खुरचाफा म्हणतात, तो जाड, गुबगुबीत फांद्यांचा, टोकाशी पानांचा झुबका असणारा व भरपूर चीक असलेला. हिवाळ्याच्या अखेरीस त्याची पाने झडतात आणि तो हरणाच्या शिंगांसारखा दिसतो. तो अमेरिका खंडातून आलेला पाहुणा आहे. देवळांशी त्याचे नाते आता इतके घट्ट आहे की इंग्रजीतही त्यास देवळाचे झाड असे म्हणतात.

हिरवा चाफा ही चढणारी झुडूपवजा वेल. तिचे फूल हिरवे असते व पिवळे होता होता पिकल्या फळासारखा दरवळते. कवठी चाफ्याला कवठाचा वास, भुईचाफ्याचे फूल पानांच्या आधी थेट जमिनीतून. रोपवाटिकेत नुसता 'चंपा' मागितला तर यांपैकी काय हाती येईल याचा नेम नाही, म्हणून फांदी मोडून चीक पाहण्याची परवानगी माळ्याकडे मागावी.

नागचाफा या नावाने तर दोन झाडांत मोठीच अदलाबदल झाली आहे. खोडावरच फुले येणारे, ज्या फुलात नागफणीखाली पिंडी असल्याचा भास होतो, ते झाड कैलासपती होय. त्याला पुष्कळ ठिकाणी नागचंपा किंवा नागलिंगम म्हणतात. ते दक्षिण अमेरिकेतून आले आहे. मूळ नागचाफा म्हणजे नागकेशर. पांढऱ्या चार पाकळ्या, मध्ये केशरी-पिवळ्या केसरांचा पुंजका, कोवळी पालवी लालबुंद व लाकूड लोखंडासारखे कठीण. कैलासपतीचे फळ नारळाएवढे मोठे, जड असून पिकून पडल्यावर दुर्गंधी सुटते. त्यामुळे ते झाड प्रदक्षिणेच्या मार्गावर किंवा बाकाजवळ लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बेल, शमी आणि दसऱ्याचे सोने

बेलाला जोड म्हणून वायवर्णा नावाचे झाड लक्षात ठेवावे. येथे त्याला 'बरना' म्हणतात. त्याचेही पान त्रिदळ असल्याने श्रावणात घाईघाईने तोडताना फसगत होते. बेलाच्या बेचक्यात काटे असतात, मधल्या पर्णिकेचा देठ बाजूच्या दोघींहून लांब असतो, आणि पान उजेडासमोर धरल्यास सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. चुरगाळल्यास सुगंध येतो. वायवर्ण्याला काटे नाहीत व तो सुगंधही नाही.

शमीच्या नावाने रोपवाटिकेत बरेचदा दुरंगी बाभूळ मिळते. तिचा तुरा अर्धा गुलाबी, अर्धा पिवळा असतो, आणि पाहणाऱ्याला तो इतका सुंदर वाटतो की शंका येत नाही. खऱ्या शमीचा तुरा फिकट पिवळा, एकरंगी. काटे लहान व फांदीभर विखुरलेले. राजस्थानात हीच 'खेजडी' असून ती तेथील राज्यवृक्ष आहे.

आता आपटा. दसऱ्याला सोने म्हणून वाटली जाणारी पाने आपट्याची. परंतु शहरांत बहुधा वाटली जातात ती कांचनाची, ज्याला येथे 'कचनार' म्हणतात. दोघेही एकाच गोत्राचे, पान दोघांचेही दोन दळे जोडल्यासारखे. आपट्याचे पान लहान, जाड, चिवट, आणि बहुधा लांबीपेक्षा रुंदीला अधिक असते. कांचनाचे पान तळहाताएवढे व पातळ. आपट्याच्या काळपट शेंगा महिनोन्महिने झाडावरच लटकलेल्या राहतात. सर्वांत सोपी खूण दिवसांची आहे. आपट्याला बारीक, पिवळट पांढरी फुले उन्हाळ्यात येतात. दसऱ्याच्या सुमारास ज्या झाडावर मोठी गुलाबी-जांभळी फुले दिसतील, तो आपटा असणे शक्य नाही. तो कांचनाचा शरदात फुलणारा प्रकार होय.

यात धर्माचा प्रश्न आहे तसा झाडाचाही. दोन्ही झाडे दसऱ्याला ओरबाडली जातात. नको असलेली पाने दुसऱ्या दिवशी रस्त्यावर असतात. कोलार रोडच्या सहापदरीकरणात रस्त्याकडेची कित्येक झाडे गेली आहेत, तेव्हा आवारांतील झाडांवरचा भार आणखी वाढला आहे. एका घराला एक पान पुरते. फांदी मोडून नेण्याऐवजी देठासह सुटे पान खुडावे.

पाट्यांविषयी

प्रत्येक पाटीवर मराठी नाव, त्याखाली येथील प्रचलित हिंदी नाव आणि देवनागरीत शास्त्रीय नाव असावे, असे विश्वस्त मंडळाने ठरविले आहे. कण्हेर व बिट्टी यांच्या पाट्या लाल अक्षरांत असतील व त्यांवर 'विषारी, तोंडात घालू नये' असे दोन्ही भाषांत लिहिले जाईल. पाटी खिळ्याने खोडावर ठोकली जाणार नाही. खिळ्याने सालीला जखम होते व तेथून कीड शिरते. पाटी जमिनीत रोवलेल्या लोखंडी पट्टीवर बसविली जाईल.

ज्या भाविकांना आपल्या घराच्या बागेतील झाडाचे नाव निश्चित करून घ्यावयाचे असेल, त्यांनी सुटे पान न आणता तीन-चार पाने असलेली लहान डहाळी, असल्यास फूल किंवा शेंग, वर्तमानपत्रात दुमडून मंदिराच्या कार्यालयात द्यावी. सोबत चिठ्ठीवर चार गोष्टी लिहाव्यात : झाडाची अंदाजे उंची, चीक येतो का, फुले कोणत्या महिन्यात येतात व त्यांचा रंग कोणता. कण्हेर किंवा बिट्टी असल्याची शंका असेल तर डहाळी मुलांच्या हाती पाठवू नये.